फॉरमॅट मारण्याआधी: जुन्या पीसीवरचे गेम नव्या पीसीवर न्यायचे कसे

दिवाळीत आणि बारावीच्या निकालानंतर, म्हणजे घरोघरी नवा लॅपटॉप येतो त्या दिवसांत, मला एकाच छापाचे फोन येतात. "दादा, अख्खं फोल्डर कॉपी केलं, ८४ जीबी, रात्रभर लागली, आणि आता गेम उघडतच नाही." किंवा त्याहून वाईट: "गेम उघडला, पण मी पहिल्या लेव्हलवर आहे." तोवर जुना पीसी एकतर फॉरमॅट झालेला असतो, नाहीतर विकून मोकळे झालेले असतात.

चूक बहुतेक वेळा क्रमाची असते. गेम ही एक वस्तू नाही, चार आहेत: खातं, सेव्ह (म्हणजे खेळ कुठवर आलाय त्याची नोंद), चालवायची परवानगी आणि फाइल. लोक सगळ्यात आधी फाइल हलवतात, कारण त्या डोळ्यांना दिसतात आणि जागा खातात. पण चारांतली पुन्हा फुकट मिळणारी गोष्ट बहुधा तेवढीच असते. खातं गेलं तर घेतलेले सगळे गेम गेले. सेव्ह गेली तर दोनशे तास गेले. म्हणून क्रम उलटा ठेवायचा: खातं, सेव्ह, परवानगी आणि मग फाइल. जुना पीसी पुसायचं काम त्याच्याही नंतर.

खाली जे आहे ते विंडोज पीसीसाठी आणि विकत घेतलेल्या गेमसाठी. कन्सोलची गोष्ट वेगळी.

## तयारी: दोन्ही मशीन शेजारी शेजारी

नवा पीसी आला म्हणून जुना लगेच हलवायचा नाही. दोन्ही मशीन निदान आठवडाभर चालू अवस्थेत घरात हवीत. या आठवड्यात जुन्यावर काहीही साफ करू नका. अनइन्स्टॉल नाही, टेम्प फाइल उडवणारं सॉफ्टवेअर नाही, आणि "आधी जरा जागा करून घेतो" तर मुळीच नाही.

एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क लागेल. ती एनटीएफएस किंवा एक्सफॅट या मांडणीत आहे का, हे राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये बघून घ्या. छोटे पेनड्राइव्ह बरेचदा फॅट३२ या जुन्या मांडणीत येतात आणि त्यात ४ जीबीहून मोठी एक फाइल जात नाही, ड्राइव्ह रिकामा असला तरी. "जागा आहे तरी कॉपी होत नाही" ही तक्रार तिथली.

मग नेटचा हिशेब. ५० एमबीपीएसच्या लाइनवर १०० जीबी उतरायला साडेचार तास लागतात, तेही पूर्ण वेग मिळाला तर. हा आकडा डोक्यात असला की कोणता गेम डिस्कने न्यायचा आणि कोणता सरळ पुन्हा उतरवायचा, हे आपोआप ठरतं.

आणि एक वही. खरोखरची, कागदाची. खात्याचे रिकव्हरी कोड ज्या पीसीवर नोटपॅडमध्ये ठेवले तोच पीसी फॉरमॅट केल्याची दोन उदाहरणं मी स्वतः पाहिली आहेत.

## टप्पा १: प्रत्येक गेम कुठून आला ते लिहा

डेस्कटॉपवरचे आयकॉन बघून यादी करू नका, अर्धे गेम सुटतील. एकेक लाँचर (ऑनलाइन दुकानाचं गेम उतरवणारं आणि चालवणारं सॉफ्टवेअर) उघडा आणि वहीत गेमच्या नावापुढे पुढच्यांपैकी एक शब्द लिहा.

डिस्क: सीडी किंवा डीव्हीडीवरून टाकलेला.

दुकान: स्टीम, एपिक अशा एकाच लाँचरमधून चालणारा.

दुकानात दुकान: एका ठिकाणी घेतलेला, पण उघडताना दुसरंच खातं मागणारा. स्टीमवर घेतलेला जीटीए ५ रॉकस्टारचा लाँचर उघडतो, युबीसॉफ्टचे गेम युबीसॉफ्ट कनेक्ट उघडतात. अशा गेमला दोन खात्यांची खूण करा.

मोकळा: गॉगसारख्या ऑनलाइन दुकानातला, ज्याचा इन्स्टॉलर वेगळा उतरवून ठेवता येतो आणि जो कुणाची परवानगी विचारत नाही.

भाड्याचा: गेम पाससारख्या वर्गणीतला. तो तुमचा नाही. वर्गणी थांबली की फाइल डिस्कवर पडून राहतात, गेम उघडत नाही. त्या फाइल हलवण्यात वेळ घालवू नका.

सर्व्हरवरचा: एकट्याने खेळतानाही नेट लागणारा. याची प्रत जपून काही हाती लागत नाही. द क्रू हा २०१४ चा रेसिंग गेम घ्या. युबीसॉफ्टने त्याचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले आणि ज्यांच्या कपाटात डिस्क होती त्यांचाही गेम त्या दिवशी थांबला.

कोणता गेम कशात मोडतो हे कळत नसेल तर स्टीमवरचं त्याचं पान उघडा. उजव्या बाजूला, भाषांच्या यादीच्या आसपास, एक चौकट असते. गेममध्ये डेन्युव्होसारखं बाहेरच्या कंपनीचं कॉपीविरोधी संरक्षण आहे का, दुसरं खातं लागतं का, किती मशीनची मर्यादा आहे, हे तिथे लिहिलेलं असतं. गेम घेताना ती चौकट कोणी वाचत नाही. आता वाचा.

तपासणी: स्टीमवर घेतलेला प्रत्येक गेम स्टीमला बांधलेला असतोच असं नाही. स्टीम पूर्ण बंद करा, म्हणजे घड्याळाजवळच्या छोट्या आयकॉनवरूनही एक्झिट करा. मग गेमच्या फोल्डरमधल्या एक्सई फाइलवर डबल क्लिक करा. स्टीम न उघडता गेम सुरू झाला तर त्याला वहीत "मोकळा" लिहा. लहान स्टुडिओंच्या बऱ्याच गेमांच्या बाबतीत हा सुखद धक्का बसतो.

## टप्पा २: खातं पक्कं करा

नव्या पीसीवर लॉगिन करायला गेलं की दुकान विचारतं: हे तुम्हीच का? आणि कोड पाठवतं कॉलेजच्या ई-मेलवर, जो पास होऊन तीन वर्षं झाली तेव्हाच बंद पडलाय. किंवा त्या मोबाइल नंबरवर, जो आता दुसऱ्याच कोणाकडे आहे.

म्हणून जुन्या पीसीवर लॉगिन चालू असतानाच हे उरकून घ्या:

१. प्रत्येक खात्याचा ई-मेल आज उघडतो का ते प्रत्यक्ष उघडून बघा. कॉलेजचा किंवा ऑफिसचा असेल तर आत्ताच बदला.

२. मोबाइल नंबर तपासा.

३. स्टीम गार्ड, म्हणजे स्टीमचं दोन टप्प्यांचं लॉगिन, मोबाइलवर असेल तर त्याचा रिकव्हरी कोड अ‍ॅपमध्ये शोधून वहीत उतरवा. तो आर या इंग्रजी अक्षराने सुरू होतो. युबीसॉफ्टसारख्या इतर खात्यांचेही दोन टप्प्यांच्या लॉगिनचे बॅकअप कोड उतरवून घ्या.

४. "दुकानात दुकान" वाल्या गेमांसाठी दुसरं खातं नेमकं कोणतं जोडलंय ते लिहा. नावासकट, ई-मेलसकट.

चौथ्या मुद्द्यावर थोडा थांबतो, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात. गेम पहिल्यांदा उघडताना घाईत जे खातं जोडलं जातं, तो गेम त्या खात्याला चिकटतो. धाकट्या भावाने त्याच्या ई-मेलने युबीसॉफ्टचं खातं काढलं आणि तुमच्या स्टीमवरचा गेम त्याने पहिल्यांदा उघडला, तर गेम तुमच्या पैशांचा आणि चावी त्याच्या खात्यात, असा प्रकार होतो. नव्या पीसीवर तुम्ही स्वतःच्या खात्याने गेलात की "या खात्यात हा गेम नाही" असं उत्तर येतं. सोडवायला ग्राहक मदत केंद्राकडे तिकीट टाकावं लागतं, खरेदीची पावती लागते, आणि वेळ लागतो. पावतीचे ई-मेल जपा.

सावधान: याच काळात "तुमचं खातं बंद होणार आहे, इथे लॉगिन करा" किंवा "आमच्या टीमला मत द्या" अशा लिंक आल्या तर हात लावू नका. अनोळखी माणसाने पाठवलेला क्यूआर कोड लॉगिनसाठी स्कॅन करणं म्हणजे घराची किल्ली त्याच्या हातात देणं.

तपासणी: नव्या पीसीवर सगळ्या खात्यांत एकदा लॉगिन करा आणि लायब्ररीतले गेम वहीशी ताडून बघा. गेम उघडू मात्र नका. का, ते पुढच्या टप्प्यात.

## टप्पा ३: सेव्ह

माझ्या भाचीचा शेतीचा गेम होता, तिसऱ्या वर्षापर्यंत आणलेला, गोठा, कोंबड्या, सगळं. नवा लॅपटॉप आला, तिने गेम टाकला, उत्साहाने उघडला, नवी शेती सुरू होतेय हे बघून गोंधळली आणि बंद केला. दुसऱ्या वेळी उघडताना एक चौकट आली. एका बाजूला क्लाउडवरची, म्हणजे दुकानाच्या सर्व्हरवर चढलेली फाइल, काल रात्री ९:४०. दुसऱ्या बाजूला या मशीनवरची, आज सकाळी १०:१५. कोणती ठेवू? तिने नवी तारीख निवडली. कोणीही तीच निवडेल. पण सकाळची फाइल म्हणजे त्या दहा मिनिटांची रिकामी शेती होती, आणि ती क्लाउडवर चढून तीन वर्षांच्या शेतीवर बसली.

जुना पीसी अजून पुसला नव्हता म्हणून वाचलो. त्याची नेटची वायर आधी काढली, मग तो चालू केला, आणि सेव्हचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं. वायर न काढता गेम उघडला असता तर क्लाउडवरची रिकामी शेती तिथेही उतरायची शक्यता होती.

यातून नियम: नव्या पीसीवर गेम पहिल्यांदा उघडण्याआधी जुन्यावरच्या सेव्हची हाताने काढलेली प्रत हार्ड डिस्कवर असलीच पाहिजे. क्लाउड असो वा नसो.

### सेव्ह सापडतात कुठे

गेमच्या फोल्डरमध्ये असतील हा समज सोडा. नेहमीच्या जागा या:

- डॉक्युमेंट्स, आणि त्यातलं माय गेम्स. स्कायरिमच्या सेव्ह माय गेम्समध्ये, विचर ३ च्या डॉक्युमेंट्समध्येच त्याच्या नावाच्या फोल्डरात.
- यूजरच्या फोल्डरमधलं सेव्हड गेम्स.
- अ‍ॅपडेटा. हे फोल्डर लपवलेलं असतं, व्ह्यू मेनूतून लपलेल्या फाइल दाखवायला सांगा. आत लोकल, लोकललो आणि रोमिंग असे तीन कप्पे आहेत आणि तिन्ही बघावे लागतात. स्टारड्यू व्हॅली रोमिंगमध्ये, एल्डन रिंगही रोमिंगमध्ये.
- स्टीमच्या फोल्डरमधलं यूजरडेटा.
- युबीसॉफ्टच्या लाँचरच्या फोल्डरमधलं सेव्हगेम्स.

जुन्या गेमांची एक खोड आहे. ते सेव्ह स्वतःच्याच फोल्डरमध्ये, प्रोग्रॅम फाइल्सच्या आत लिहू बघतात. विंडोज तिथे लिहू देत नाही आणि गुपचूप ती फाइल अ‍ॅपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या जागी नेऊन ठेवते. गेमला वाटतं आपण घरात लिहिलं. २००५ च्या आसपासचा गेम असेल आणि सेव्ह कुठेच सापडत नसेल तर आधी व्हर्च्युअलस्टोअर उघडा.

दुसरी खोड विंडोज ११ ची: वनड्राइव्हने डॉक्युमेंट्स फोल्डर आपल्या पोटात घेतलेलं असतं. मग एकाच पीसीवर दोन डॉक्युमेंट्स दिसतात, एक वनड्राइव्हमधलं आणि एक जुनं. दोन्ही उघडून ताज्या तारखेची फाइल कुठे आहे ते बघा. नव्या पीसीवरही हाच घोळ होतो. तुम्ही सेव्ह एका डॉक्युमेंट्समध्ये टाकता आणि गेम दुसऱ्यात शोधतो.

### क्रम

१. जुन्या पीसीवर गेम उघडा, सेव्ह करा, गेममधूनच बाहेर पडा. क्लाउडची खूण चढून झाली असं दाखवेपर्यंत लाँचर बंद करू नका. शटडाउन मारायची घाई इथेच नडते.

२. सेव्हचं अख्खं फोल्डर हार्ड डिस्कवर घ्या. एकटी फाइल नको, सेटिंग आणि प्रोफाइल बहुधा शेजारीच असतात.

३. फोल्डरला गेमचं नाव आणि तारीख द्या, आणि मूळ जागेचा पत्ता त्यातच एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहा. सहा महिन्यांनी आठवणार नाही.

४. क्लाउड आहे का ते स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये, जनरलखाली दिसतं. तिथे काहीच नसेल तर त्या गेमला क्लाउड नाही. स्टीमवर असूनही क्लाउड नसलेले गेम पुष्कळ आहेत.

सावधान: सेव्ह कधी कधी खात्याला बांधलेली असते. एल्डन रिंगच्या सेव्हमध्ये तुमच्या स्टीम खात्याचा क्रमांक असतो, त्यामुळे ती मित्राच्या खात्यावर जशीच्या तशी चालत नाही. गेम पासवरची सेव्ह वेगळ्या स्वरूपात असते, तोच गेम नंतर स्टीमवर घेतला तर ती थेट उचलून टाकता येत नाही.

तपासणी: हार्ड डिस्कवरच्या फोल्डरमध्ये सगळ्यात ताज्या फाइलची तारीख बघा. शेवटचं खेळलात तो दिवस आहे ना? आणि आकार बघा. शंभर तासांच्या गेमची सेव्ह ३ केबी असेल तर तुम्ही चुकीचं काहीतरी उचललंय.

## टप्पा ४: परवानगी

आजच्या दुकानांतल्या बहुतेक गेमांना इथे फारसं काही करावं लागत नाही. पुढच्या टप्प्यात फाइल आल्या की नव्या मशीनवर पहिल्यांदा नेट लावून उघडा, परवानगी आपोआप येते. दोनच जागी लक्ष द्या.

डेन्युव्हो असलेले गेम. यांना सहसा २४ तासांत ५ वेगवेगळ्या मशीनची मर्यादा असते. "माझ्याकडे तर दोनच पीसी आहेत" असं म्हणू नका. स्टीम डेक या हातातल्या पीसीवर किंवा लिनक्सवर प्रोटॉनची (विंडोजचे गेम तिथे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती बदललीत की तीही नवी मशीन धरली जाऊ शकते. गेम नीट चालत नाही म्हणून एका संध्याकाळी प्रोटॉनच्या पाच आवृत्त्या लावून बघितल्या की दरवाजा बंद. उपाय एकच, २४ तास थांबायचं. खटपट करत राहिलात तर फक्त वैताग वाढतो. घाई नसेल तर असे गेम उशिरा घेण्यातही शहाणपण आहे, कारण काही प्रकाशक पुढे डेन्युव्हो काढून टाकतात. २०१६ च्या डूममधून ते त्याच वर्षी डिसेंबरमध्ये काढलं होतं.

२००७ ते २०१० च्या सुमाराचे डिस्कवाले गेम. यांत ठरावीक वेळाच चालू करायची परवानगी, म्हणजे मोजून अ‍ॅक्टिव्हेशन मिळायची. स्पोर २००८ मध्ये तीन अ‍ॅक्टिव्हेशनवर आला आणि ओरड झाल्यावर ती पाच झाली. अशा बऱ्याच गेमांना डी-ऑथराइज करायची, म्हणजे त्या मशीनची परवानगी सोडून द्यायची, सोय असते, पण ती जुन्या, चालू मशीनवरूनच वापरायची. फॉरमॅट केलं की ते एक अ‍ॅक्टिव्हेशन कायमचं वाया. म्हणून हा टप्पा फॉरमॅटच्या आधी येतो, नंतर नाही.

### डिस्कवाल्या गेमांचं काय

लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या डीव्हीडीची चळत अनेकांकडे अजून आहे. एक्स्टर्नल ड्राइव्ह घेतला, डिस्क घातली, इन्स्टॉलही झालं, आणि गेम उघडताना म्हणतो "मूळ डिस्क घाला". डिस्क मूळच आहे, आतच आहे. मग लोक ड्राइव्हला दोष देतात, डिस्क शर्टाला पुसतात.

दोष बहुधा ड्राइव्हचा नसतो. त्या काळात सेफडिस्क नावाचं संरक्षण फार वापरात होतं आणि त्याला विंडोजच्या आत स्वतःचा एक ड्रायव्हर लागायचा. विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टने तो ड्रायव्हर ठेवलेलाच नाही, आणि सप्टेंबर २०१५ च्या सुरक्षा अपडेटने तो विंडोज ७ आणि ८ वरही बंद केला, कारण त्यात सुरक्षेचं भगदाड होतं. सिक्युरॉम या तसल्याच संरक्षणाच्या जुन्या आवृत्त्यांचीही विंडोज १० वर तीच गत.

मार्ग तीन, याच क्रमाने बघा:

१. त्या गेमचा शेवटचा अधिकृत पॅच शोधा. काही प्रकाशकांनी शेवटच्या पॅचमध्ये डिस्कची तपासणी काढून टाकली होती.

२. तोच गेम गॉग किंवा स्टीमवर सेलमध्ये मिळतो का बघा. गॉगवरच्या आवृत्तीत डिस्कची कटकट नसते आणि आजच्या विंडोजसाठी दुरुस्त्याही बहुधा केलेल्या असतात. दोन संध्याकाळी घालवण्यापेक्षा एका सिनेमाच्या तिकिटाएवढे पैसे परवडतात, असं माझं मत.

३. जुना पीसी विंडोज एक्सपीसकट ठेवा, पण त्याला नेट देऊ नका.

सावधान: तो ड्रायव्हर कुठल्यातरी साइटवरून आणून विंडोज ११ मध्ये घुसवू नका. भगदाड आहे म्हणूनच तो काढला. नो-सीडी क्रॅकच्या (डिस्कची तपासणी टाळणाऱ्या बदललेल्या फाइलच्या) नावाखाली मिळणाऱ्या फाइलमध्ये काय असेल हे सांगता येत नाही, आणि कायद्याचीही बाजू आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२(१)(एए) प्रमाणे, कायदेशीरपणे घेतलेल्या प्रोग्रॅमची बॅकअप प्रत, ती खराब होईल किंवा हरवेल म्हणून, तुम्ही काढू शकता. पण २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५ए हक्कभंगाच्या हेतूने संरक्षण तोडणं गुन्हा ठरवतं, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. प्रत काढणं आणि कुलूप तोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डिस्कची प्रत काढताना दोन गोष्टी लक्षात असू द्या. साध्या आयएसओ फाइलमध्ये (डिस्कची एका फाइलमधली प्रत) सीडीवरचे गाण्यांचे ट्रॅक येत नाहीत, त्यामुळे नव्वदीतल्या गेमचं संगीत गायब होतं. अशा सीडीची प्रत बिन आणि क्यू या जोडीत काढा. आणि सेफडिस्कच्या डिस्कवर मुद्दाम खराब ठेवलेले भाग असतात. आयएसओत ते उतरत नाहीत, म्हणून त्या प्रतीवरून गेमची तपासणी पार होत नाही. प्रत फाइल जपायला ठीक, चालवायला नाही.

कोकणात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, पावसाळ्यात डिस्कवर बुरशी धरते. मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही.

## टप्पा ५: आता फाइल

प्रोग्रॅम फाइल्समधून फोल्डर उचलून नव्या पीसीवर चिकटवणं ही पद्धत "मोकळा" लिहिलेल्या गेमांपुरतीच ठीक, तीही कधीकधी. बाकीच्यांना रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातल्या) नोंदी आणि डायरेक्टएक्स, व्हिज्युअल सी++ यांचे तुकडे लागतात. ते नसले की "अमुक डीएलएल सापडली नाही" असं येतं. ती एक डीएलएल शोधून कुठल्यातरी साइटवरून उतरवू नका. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून अख्खं पॅकेज घ्या.

स्टीम. सगळ्यात सोपं म्हणजे घरच्या नेटवर्कवरून. दोन्ही पीसी एकाच राउटरवर, दोन्हींवर स्टीम चालू, खातं तेच. सेटिंग्जमध्ये डाउनलोड्सखाली लोकल नेटवर्कवरून फाइल देण्याची सोय दोन्हीकडे चालू करा. मग नव्या पीसीवर नेहमीसारखं इन्स्टॉल दाबा. स्टीम जुन्या पीसीवरून फाइल ओढतं आणि डेटा पॅक तसाच राहतो. वायफायपेक्षा केबल लावली तर वेग कितीतरी जास्त.

हार्ड डिस्कने न्यायचं असेल तर जुन्या पीसीवरून स्टीमअ‍ॅप्स, कॉमन यातलं गेमचं फोल्डर घ्या, नव्यावर त्याच जागी ठेवा, मग इन्स्टॉल दाबा. "आधीच्या फाइल शोधतोय" असं म्हणत स्टीम त्या उचलून घेतं. हा क्रम उलटला, म्हणजे आधी इन्स्टॉल दाबलं, तर ते नव्याने उतरवायला लागतं.

एपिक. इथे उलटं. नव्या पीसीवर इन्स्टॉल सुरू करा, एक-दोन टक्के झाले की थांबवा, लाँचर पूर्ण बंद करा. आता जुनं फोल्डर त्या अर्धवट फोल्डरवर कॉपी करा, लाँचर उघडा, पुढे चालू करा. तो फाइल तपासतो आणि उरलेलं तेवढंच उतरवतो.

गॉग. गॅलेक्सी लाँचरने टाकलेला गेम म्हणजे बॅकअप नव्हे. साइटवर तुमच्या लायब्ररीत जा आणि ऑफलाइन बॅकअप इन्स्टॉलर उतरवा. मोठ्या गेमचे तुकडे असतात: एक सेटअप एक्सई आणि मागे एक, दोन, तीन क्रमांकाच्या बिन फाइल. सगळे एकाच फोल्डरमध्ये हवेत, नावं बदलायची नाहीत. डीएलसीचे, म्हणजे गेमच्या वेगळ्या मिळणाऱ्या जोडभागांचे, इन्स्टॉलर वेगळे असतात, ते विसरतात लोक. फोल्डरच्या नावात तारीख घाला, कारण गेमला अपडेट आलं की तुमची प्रत जुनी होते आणि नवी स्वतः उतरवावी लागते.

सावधान: स्टीममधला "गेम फाइल्सचा बॅकअप घ्या" हा पर्याय फक्त डाउनलोड वाचवतो. तो परत चढवायला स्टीम, तुमचं खातं आणि नेट लागतंच. कपाटात ठेवायची प्रत म्हणून त्यावर विसंबू नका.

तपासणी: स्टीमवर प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्समध्ये जाऊन फाइलची तपासणी चालवा. गॉगचा इन्स्टॉलर नेट बंद करून एकदा प्रत्यक्ष टाकून बघा. न तपासलेला बॅकअप अजून बॅकअप झालेलाच नाही.

फाइल जागेवर आल्या की हार्ड डिस्कवरची सेव्ह तिच्या मूळ पत्त्यावर ठेवा, मग गेम उघडा. क्लाउडची चौकट आलीच तर तारखेवर जाऊ नका. कॅन्सल करा, टप्पा ३ मधली प्रत समोर ठेवून दोन्हींचा विचार करा, आणि मगच निवडा.

## टप्पा ६: वायर काढून बघा

गणपतीला गावी जाताना लॅपटॉप बरोबर घेतात, तिथे रेंज नसते, आणि पहिल्या रात्री कळतं की गेम लॉगिन मागतोय. घरीच बघून घ्या:

१. नेट असताना प्रत्येक गेम एकदा उघडा, मेनूपर्यंत नाही, खेळ सुरू होईपर्यंत. अपडेट असेल ते होऊ द्या.

२. स्टीमच्या मेनूतून ऑफलाइन व्हा.

३. आता राउटर बंद करा. खरोखर बंद. मोबाइलचा हॉटस्पॉटही.

४. पीसी रीस्टार्ट करून पुन्हा सगळे गेम उघडा.

जो उघडला नाही त्याच्यापुढे वहीत "सर्व्हरवरचा" लिहा. "दुकानात दुकान" वाल्यांची ऑफलाइनची सोय दुसऱ्या लाँचरमध्येही वेगळी चालू करावी लागते, ती इथे लक्षात येते.

## टप्पा ७: जुना पीसी

तो विकायचा असेल तर दोन आठवडे थांबा. या काळात जी फाइल राहिली ती आठवतेच.

धाकट्या भावाला किंवा मुलीला द्यायचा असेल तर स्वतःचं खातं लॉगिन ठेवून देऊ नका. एकाच खात्यावर दोघं खेळायला लागले की एकमेकांच्या सेव्हवर सेव्ह बसते. तिचं वेगळं खातं काढा आणि स्टीम फॅमिलीजमध्ये घ्या. सहा जणांपर्यंत चालतं, प्रत्येकाची सेव्ह वेगळी राहते. एकच प्रत दोघांना एकाच वेळी खेळता येत नाही, वेगवेगळे गेम येतात. मात्र तुमच्या प्रतीवर तिने ऑनलाइन चीट वापरलं आणि बंदी आली तर ती तुमच्यावरही येऊ शकते, आणि कुटुंबातून बाहेर पडलेल्या मोठ्या माणसाला दुसऱ्या कुटुंबात जायला, पहिल्यात आल्यापासून वर्ष पूर्ण होईपर्यंत थांबावं लागतं. मित्रमंडळींना "फॅमिली" करण्याआधी हे वाचा.

विकताना गेमसकट पीसी अशी जाहिरात देऊ नका. खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. पैसे मोजून मिळतो तो वापराचा परवाना, आणि हे आता स्टीमच्या कार्टमध्येच लिहिलेलं असतं.

शेवटी, फॉरमॅटच्या खिडकीवर बोट ठेवण्याआधी हार्ड डिस्क नव्या पीसीला जोडा आणि वही उघडा. प्रत्येक ओळीपुढे सेव्ह उघडली, डी-ऑथराइज झालं, ऑफलाइन चाललं यांपैकी त्या गेमला लागू असतील त्या सगळ्या खुणा हव्यात. जिथे लागू असलेली एखादी खूण नाही तिथे थांबा, ती करा. मग जुन्या पीसीवर सगळ्या लाँचरमधून लॉगआउट करा, खात्याच्या सेटिंगमधून इतर सर्व उपकरणांवरचं लॉगिन रद्द करा, नव्या पीसीवर पुन्हा लॉगिन होतंय ना ते बघा, आणि आता मारा फॉरमॅट.